कॅम्पसच्या कचऱ्याचं वेळापत्रक

शहराचा कचरा वर्षभर साधारण सारख्या मापाने येतो. विद्यापीठाचा तसा येत नाही. जून-जुलैत वसतिगृहं भरली की खरकट्याचा लोंढा सुरू होतो आणि दिवाळीच्या सुट्टीत तो एकदम आटतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये पालापाचोळा. एप्रिल-मेमध्ये कागदाचे गठ्ठे, शिवाय खोल्या सोडताना टाकून दिलेल्या गाद्या आणि बादल्या. कचरा जिरवायची यंत्रणा बसवताना मात्र वर्षाची सरासरी काढून बायोगॅसच्या टाकीचा आकार ठरवतात आणि गाडं तिथेच अडतं.

दिवसाला सरासरी 100 किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्या संस्थांना 2016च्या घनकचरा नियमांनी मोठे कचरा उत्पादक ठरवलं आणि ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायला सांगितलं. माणशी 100 ग्रॅम खरकटं धरलं तरी हजार मुलांची मेस एकटीच हा आकडा गाठते.

या खरकट्यासाठी बायोगॅस बरा पडतो, कारण गॅस वापरणारं स्वयंपाकघर शेजारीच असतं. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ‘निसर्गऋण’ पद्धतीत दोन टाक्या असतात. आधी खरकटं साधारण तेवढ्याच पाण्यात दळून त्याचा काला करतात. पहिल्या टाकीत हवा आणि गरम पाणी मिळाल्यामुळे तो लवकर विघटित होतो. दुसऱ्या, हवाबंद टाकीत जिवाणू त्यापासून मिथेन तयार करतात. 100 किलो खरकट्यापासून ढोबळमानाने 8 ते 10 घनमीटर गॅस मिळतो, म्हणजे चारेक किलो एलपीजीचं काम. एका 19 किलोच्या व्यावसायिक सिलिंडरची बचत व्हायला पाच क्विंटलच्या आसपास खरकटं लागतं. सिलिंडर कायमचे बंद होतील अशी आशा दाखवणाऱ्या विक्रेत्यासमोर हा हिशेब मांडावा.

टाकी बिघडते ती बहुधा सुट्टीनंतर. महिना-दीड महिना मेस बंद असते, मिथेन करणारे जिवाणू उपाशी राहून घटतात. मेस उघडली की पहिल्याच दिवशी पूर्ण खुराक ओतला जातो. त्यातून आम्ल तयार करणारे जिवाणू झपाट्याने वाढतात, तर मिथेनवाले सावकाश. मग आम्ल साठतं आणि सामू (पीएच) साडेसहाच्या खाली जातो. गॅस येतो, पण त्यात कार्बन डायऑक्साइडच जास्त असतो. बर्नर पेटत नाही आणि आंबट वास सुटतो. अशा वेळी खरकटं थांबवायचं, थोडी चुन्याची निवळी आणि ताजा शेणकाला घालायचा आणि सामू सातच्या आसपास येईपर्यंत वाट पाहायची. त्यापेक्षा सुट्टीत रोज थोडं शेण घालत राहावं आणि सत्र सुरू झाल्यावर दोन-तीन आठवड्यांत खुराक हळूहळू वाढवावा, हे केव्हाही सोपं. भात आणि गोड पदार्थ लवकर आंबतात, म्हणून मेसमध्ये पंगतीचं जेवण असेल तेव्हा उरलेलं सगळं एकाच दिवशी टाकीत ढकलू नये. तळणीचं तेल तर वेगळंच काढावं, ते वर थर धरतं. अंड्यांची टरफलं आणि हाडं तळाशी गाळ होऊन बसतात. काला करण्याच्या यंत्राची पाती मात्र ताटासोबत आलेल्या चमच्यांनीच जास्त मोडतात.

पालापाचोळा जाळायची सवय अजून गेलेली नाही. खरं तर तो खताचा कच्चा माल आहे. सुक्या पानांत कार्बन जास्त, ओल्या कचऱ्यात नायट्रोजन जास्त, आणि ढिगात नायट्रोजनच्या 25 ते 30 पट कार्बन असला की काम नीट चालतं. मापाने बोलायचं तर एक घमेलं भाजीची सालं आणि दोन-तीन घमेली पानं. ढीग निदान घनमीटरभर हवा, नाहीतर आत उष्णता टिकत नाही. जमला तर दोन-तीन दिवसांत आतलं तापमान 55 अंशांपलीकडे जातं. मिश्रण मुठीत दाबल्यावर एक-दोन थेंब पडावेत. धार लागली तर पानं वाढवायची, काहीच आलं नाही तर पाणी शिंपडायचं. मार्चमधली पानं गोण्यांत भरून छपराखाली ठेवावी लागतात, कारण जुलैत ओला कचरा भरपूर येतो आणि सुकं पान औषधालाही मिळत नाही. कंपोस्टच्या खड्ड्याला पावसाळ्यात दुर्गंधी येते त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

कागदाचा प्रवास कॅम्पसच्या फाटकाबाहेर होतो, पण त्याची किंमत आतच ठरते. उत्तरपत्रिकेची बत्तीस पानं, म्हणजे सोळा कागद, साधारण 60 ग्रॅम भरतात. लाखभर उत्तरपत्रिकांचे सहा टन झाले. जपून ठेवण्याची मुदत संपली की गोपनीयतेसाठी त्यांचे बारीक तुकडे करण्याकडे कल असतो. तुकडे जितके बारीक, तितके कागदाचे तंतू आखूड आणि पुढचा कागद तितका कमजोर. नाहीतरी प्रत्येक फेरीत तंतू झिजतोच, पाच-सात फेऱ्यांनंतर तो कागदाच्या उपयोगाचा उरत नाही. त्यामुळे आपल्या देखरेखीखाली गठ्ठे थेट कागद गिरणीच्या लगद्यात जातील अशी अट निविदेत घालणं जास्त शहाणपणाचं. लगदा करणारा पल्पर म्हणजे घरातल्या मिक्सरचा राक्षसी भाऊ, तिथे पानावरचे गुण वाचायला कोणी उरत नाही. पिनांची फार काळजी नको, त्या जड असल्यामुळे गिरणीत वेगळ्या काढता येतात. त्रास देतो तो बाइंडिंगचा गोंद. तो गरम लगद्यात मऊ होऊन बारीक चिकट कण बनतो, जाळीतून निसटतो आणि तयार कागदावर डाग किंवा भोकं पाडतो. म्हणून काळ्या रेक्झिनचा सोनेरी अक्षरांचा प्रबंध रद्दीत जाताना पुठ्ठा आणि कणा कापूनच जायला हवा. स्पायरल प्रोजेक्टची तार आणि वरचं प्लॅस्टिकही काढावं. सगळ्यात निरुपयोगी चहाचा कागदी कप: आतून प्लॅस्टिकचा पातळ थर आणि वर दूध-साखर. पांढऱ्या कागदाच्या पेटीत असे दोन-चार कप पडले की ओलाव्याने सगळ्या पेटीचा भाव उतरतो.

ही भावाची समज कचरावेचक बायकांना फार आधीपासून आहे. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना 1993 साली पुण्यात उभी राहिली, तीही एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामातून. न मिसळलेला सुका कचरा थेट हाती आला तर उकिरड्यात हात घालावा लागत नाही आणि कमाईही वाढते, हे त्यातलं साधं गणित. कॅम्पसने अशा गटाशी करार केला, वर्गीकरणासाठी छप्पर, टेबल आणि पाणी दिलं, तर वेगळं यंत्र फारसं लागत नाही. पाण्याच्या बाटल्यांची झाकणं काढत बसू नये. बाटलीचं पेट प्लॅस्टिक पाण्यात बुडतं, झाकणाचं तरंगतं, त्यामुळे चुरा करून धुताना दोन्ही आपोआप वेगळे होतात. वेफर्सच्या चकाकत्या पाकिटांना मात्र भंगारात कोणी विचारत नाही.

प्रयोगशाळेतली रसायनं, जुन्या ट्यूबलाइट आणि संगणक या वाटेने अजिबात जाऊ नयेत. ट्यूबमध्ये पारा असतो, म्हणून ती न फोडता मूळ खोक्यात उभी ठेवावी. संगणक अधिकृत ई-कचरा पुनर्चक्रकाकडेच द्यावेत, हार्ड डिस्क आधी काढून.