संदर्भनोंद (शालेय प्रकल्पातील)

प्रकल्प, निबंध किंवा अहवाल यांत वापरलेली माहिती, आकडा वा उतारा कोठून घेतला, हे वाचणाऱ्याला मूळ पानापर्यंत जाता येईल इतक्या नेमकेपणाने सांगण्याची पद्धत. तिचे दोन भाग पडतात : मजकुरातील निर्देश आणि अखेरची संदर्भसूची. मजकुरात कोठेही न आलेली पुस्तके सूचीत घातली, तर ती वाचनसूची होते. शालेय वह्यांत या दोहोंची सरमिसळ सर्रास आढळते.

मजकुरातील निर्देश तळटिपेने किंवा लेखक-वर्ष पद्धतीने करतात. मराठी प्रबंधांत तळटीप रुळलेली असून ‘तत्रैव’ (लगेच आधी दिलेलाच ग्रंथ) व ‘उ. नि.’ (उपरिनिर्दिष्ट) ही तिची संक्षिप्त रूपे होत. मध्ये नवी टीप घुसली की ‘तत्रैव’ भलत्याच ग्रंथाकडे बोट दाखवते. शाळेत ते टाळलेले बरे.

लेखक-वर्ष पद्धतीत कंसात आडनाव, वर्ष व पृष्ठ येते. तिला ‘हार्वर्ड’ हे नाव कसे पडले, याविषयी एकमत नाही. हार्वर्ड विद्यापीठातील प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांनी १८८१ मध्ये बिनशंखाच्या गोगलगाईच्या अंड्यावरील शोधनिबंधात तिचा पहिला ज्ञात वापर केला, असे सामान्यतः मानतात. कंसाचा अर्थ त्यांनी तळटिपेत उलगडला होता. म्हणजे नव्या पद्धतीची ओळख जुनीनेच करून दिली. ही कल्पना मार्क यांची स्वतःची, की तेथील तौलनिक प्राणिशास्त्र संग्रहालयाच्या ग्रंथालयातील सूचीवरून त्यांनी घेतली, हे निश्चित नाही. दुसरी शक्यता अधिक संभाव्य दिसते. एका इंग्रज पाहुण्याने ती पाहून मायदेशी नेली आणि नाव चिकटले, ही कथाही सांगतात, पण तिचा आधार तोकडा आहे. कसेही असले तरी ही विद्यापीठाने ठरवून दिलेली संहिता नव्हे. म्हणूनच ‘हार्वर्ड’ म्हणवणाऱ्या दोन पुस्तिकांत स्वल्पविराम वेगवेगळ्या जागी सापडतात. शाळेने एक रूप निवडून ते अखेरपर्यंत सांभाळावे, एवढे पुरे. परिच्छेद मागेपुढे केले तरी निर्देशांचे क्रमांक बदलावे लागत नाहीत, ही विद्यार्थ्यांच्या दृष्टीने तिची मोठी सोय.

सूचीतील नोंदीचा क्रम साधारणतः असा : आडनाव, नाव; वर्ष; शीर्षक; आवृत्ती; प्रकाशक; गाव. मराठी पुस्तकांत हा क्रम तीन ठिकाणी अडखळतो.

पहिली अडचण नावांची. मुखपृष्ठावर टोपणनाव असेल, तर नोंद त्याच नावाने करून खरे नाव चौकटी कंसात द्यावे : कुसुमाग्रज [शिरवाडकर, वि. वा.]. मालतीबाई बेडेकर माहेरच्या बाळूताई खरे आणि लेखनात विभावरी शिरूरकर. हे न कळल्यास एकाच लेखिकेच्या तीन नोंदी होतात. ‘केशवसुत’ या नावाला आडनावच नाही, ते ‘क’खाली जसेच्या तसे घ्यावे.

दुसरी वर्षांची. जुन्या पुस्तकांवर शक असतो. त्यात ७८ मिळवावेत; मात्र शकवर्ष चैत्रात सुरू होत असल्याने १ जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९. शके १८३० चा श्रावण इ. स. १९०८ मधला, तर त्याच शकाचा माघ १९०९ मधला. महिना छापलेला नसेल तर ‘१९०८–०९’ लिहावे. आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांतही गल्लत होते. पुनर्मुद्रणात मजकूर सहसा तोच राहतो, नव्या आवृत्तीत तो व पृष्ठांक बदलू शकतात. म्हणून वर्ष हाती असलेल्या आवृत्तीचे द्यावे. पाठ्यपुस्तकांबाबत हे विशेष पाळावे.

तिसरी पद्यग्रंथांची. ज्ञानेश्वरीचा निर्देश पृष्ठाने नव्हे, अध्याय व ओवी यांनी करतात (उदा., ९.१२). तुकारामांच्या अभंगांचे क्रमांक गाथेगणिक बदलतात. केवळ क्रमांक देणे निरुपयोगी, गाथेची प्रत व अभंगाचा पहिला चरण हवाच.

चूक बहुधा सूची लिहिताना होत नाही, टिपण घेताना होते. सुमारे ३ × ५ इंचांच्या कार्डावर एकच मुद्दा घ्यावा. वरच्या कोपऱ्यात ग्रंथाची खूण व पृष्ठांक मुद्द्याच्या आधी लिहावा. शब्दशः उतारा दुहेरी अवतरणचिन्हांत, स्वतःच्या शब्दांतला सारांश चिन्हांविना, आणि स्वतःचे मत चौकटी कंसात. चिन्हे राहिली की पंधरा दिवसांनी दुसऱ्याचे वाक्य आपलेच वाटू लागते. नकळत होणारी वाङ्मयचोरी बहुतेक अशीच घडते. पुस्तक मिटवून सारांश लिहिला आणि मग मुळाशी ताडला, तर हा धोका बराच कमी होतो. एका ग्रंथात दुसऱ्याचे उद्धृत सापडले व मूळ पाहिले नसेल, तर ‘अमुक ग्रंथात उद्धृत’ असेच नोंदवावे.

संकेतस्थळासाठी पानाचे शीर्षक, प्रकाशित करणारी संस्था, पूर्ण पत्ता व पाहिल्याची तारीख लागते. ‘स्रोत : गूगल’ ही नोंद ‘स्रोत : ग्रंथालय’ इतकीच पोकळ. विकिपीडियावरील लेख सतत बदलतो. त्याच्या ‘इतिहास’ या कळीतून त्या दिवशीच्या आवृत्तीचा कायम दुवा मिळतो. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाने सुचविलेली पुस्तके कधीकधी अस्तित्वातच नसतात, तेव्हा प्रत हाती आल्याशिवाय त्यांची नोंद करू नये.

मुलाखतीच्या नोंदीत परवानगी घेऊन व्यक्तीचे नाव, गाव व तारीख देतात.