डीएससी पुरस्कार : अनुवादकाचा निम्मा वाटा आणि मराठीची गैरहजेरी

दक्षिण आशियाई कथात्म साहित्यासाठीचा डीएससी पुरस्कार (नाव प्रायोजक कंपनीचं) २०१० मध्ये जाहीर झाला आणि जानेवारी २०११ मध्ये जयपूरच्या साहित्य महोत्सवात पहिल्यांदा दिला गेला. रक्कम ५०,००० डॉलर. पहिला मान पाकिस्तानी कादंबरीकाराला मिळाला, दुसरा श्रीलंकेच्या. २०१५ पर्यंत मुक्काम जयपूरलाच होता. मग २०१६ मध्ये श्रीलंकेतलं गॉल, नोव्हेंबर २०१७ मध्ये ढाका, जानेवारी २०१९ मध्ये कोलकाता आणि त्याच वर्षी डिसेंबरात नेपाळमधलं पोखरा. कोलकात्यात दिला गेला तो २०१८ चा पुरस्कार आणि पोखऱ्यात दिला गेला तो २०१९ चा. एकाच कॅलेंडर वर्षात दोन पुरस्कार आल्यामुळे याद्यांमध्ये अजूनही वर्षांचा घोळ होतो. २०१७ पासून रक्कमही निम्मी, म्हणजे २५,००० डॉलर झाली.

लेखक कुठल्या देशाचा किंवा वंशाचा, याला नियमांत बंधन नव्हतं. लेखन दक्षिण आशियाविषयी हवं, एवढंच. म्हणूनच २०१५ चा पुरस्कार अमेरिकेत वाढलेल्या लेखिकेला मिळाला. पुस्तक मात्र इंग्रजीत लिहिलेलं किंवा इंग्रजीत अनुवादित झालेलं हवं. ही अट वाचताना साधी वाटते, पण पुरस्काराचा सगळा कल तिनेच ठरवला.

बऱ्याच पुरस्कारांत अनुवादाचा वेगळा विभाग असतो. इथे तो मुद्दाम ठेवला नव्हता. मूळ इंग्रजी कादंबरी आणि कन्नड किंवा मल्याळममधून आलेली कादंबरी एकाच यादीत, एकाच परीक्षक मंडळासमोर. अनुवाद जिंकला तर रक्कम लेखक आणि अनुवादक यांच्यात समान वाटायची. याच्या बाजूने म्हणायचं तर वेगळ्या विभागात अनुवाद कोपऱ्यात पडतो, वर्तमानपत्रांत त्याची शेवटच्या ओळीत दखल घेतली जाते. विरुद्ध बाजूचा आक्षेपही खरा आहे. परीक्षक वाचतात ते इंग्रजी वाक्य. मूळ भाषेचा पोत तपासायला बहुतेकांकडे साधन नसतं. बोलीभाषेतले संवाद, नात्यांचे शब्द, शिव्या हे सगळं इंग्रजीत सपाट झालं, तर दोष कादंबरीच्या माथी बसतो. आमच्या मते तरीही एकत्र यादीच योग्य होती, फक्त तिच्यासाठी मूळ भाषा जाणणाऱ्या वाचकाचा अभिप्राय प्रत्येक अनुवादासोबत सक्तीचा हवा होता.

लघुयाद्या, म्हणजे अंतिम फेरीतल्या पुस्तकांच्या याद्या, पाहिल्या की अनुवादांचं चित्र स्पष्ट होतं. २०१२ मध्ये कन्नड आणि हिंदी, २०१३ मध्ये हिंदी, २०१४ मध्ये दोन मल्याळम, २०१५ मध्ये उर्दू (लेखकाने स्वतःच इंग्रजीत आणलेली), २०१६ मध्ये पुन्हा मल्याळम. २०१७ मध्ये एकही अनुवाद नाही. २०१८ मध्ये कन्नड, २०१९ मध्ये बंगाली. हे सगळे अनुवाद भारतातल्या लेखकांचे. नेपाळी, सिंहली, पश्तू यांपैकी एकही भाषा नाही, आणि मराठीही नाही. नऊ विजेत्यांत पाच भारतीय, दोन श्रीलंकेचे, एक पाकिस्तानी आणि एक अमेरिकी. ढाका आणि पोखरा इथे पुरस्कार दिला गेला, पण बांगलादेशाचा किंवा नेपाळचा लेखक एकदाही जिंकला नाही. सीमा ओलांडणारा म्हणून ज्याची ओळख, त्या पुरस्काराबद्दल हे सांगायलाच हवं.

२०१८ चा निकाल या सगळ्यात वेगळा. जयंत कायकिणींच्या मुंबईविषयीच्या कन्नड कथांचा तेजस्विनी निरंजना यांनी केलेला इंग्रजी अनुवाद जिंकला. अनुवादित पुस्तकाला हा पुरस्कार मिळण्याची ती एकमेव वेळ. लेखक मूळ गोकर्णचे, दोन दशकांहून अधिक काळ मुंबईत राहिलेले. ऑपेरा हाउसमध्ये साफसफाई करणाऱ्या माणसाला खुर्चीखाली थर्मास सापडतो, अशा जागी या कथा उभ्या राहतात. इंग्रजी पुस्तक म्हणजे एखाद्या कन्नड संग्रहाचा सरळ अनुवाद नव्हता. वीसेक वर्षांत लिहिलेल्या कथांमधून केलेली ती निवड होती. कुठली कथा घ्यायची, कशानंतर कशी लावायची, मुंबईची हिंदी किती राखायची, हे अनुवादाच्या टेबलावरच ठरलं. त्यामुळे प्रत्येकी १२,५०० डॉलरची वाटणी इथे अगदी रास्त होती. त्याच सुमारास सुरू झालेल्या एका भारतीय पुरस्काराने दुसरी रीत घेतली. तिथे लेखकाला २५ लाख रुपये मिळायचे, आणि पुस्तक अनुवादित असेल तर अनुवादकाला वेगळे, आधी ५ आणि नंतर १० लाख. त्यात लेखकाचा वाटा कापला जात नव्हता, पण दोघांचं काम बरोबरीचं मानलंही जात नव्हतं.

मराठी पुस्तक अशा यादीपर्यंत का पोचत नाही, याची कारणं मजकुरापेक्षा कागदपत्रांत जास्त सापडतात. जुन्या करारांत अनुवादाचे हक्क लेखकाकडे की प्रकाशकाकडे, हे लिहिलेलंच नसतं. लेखक हयात नसेल तर सगळ्या वारसांच्या सह्या लागतात आणि तिथेच वर्ष-दोन वर्षं जातात. इंग्रजी प्रकाशक संपूर्ण अनुवाद मागत नाही. त्याला वीस-तीस पानांचा नमुना, कथानकाचा गोषवारा आणि हक्कांचं पत्र लागतं. नमुन्याचे पैसे कुणी देत नाही, म्हणून तो घाईत होतो आणि पहिल्याच वाचनात पुस्तक बाद होतं. पुढचा खोडा तारखांचा. पात्रता मोजली जाते ती इंग्रजी आवृत्तीच्या प्रकाशनावरून, आणि प्रवेशिका पाठवायची ती इंग्रजी प्रकाशकाने. मूळ पुस्तक तीस वर्षांपूर्वीचं असलं तरी चालतं, पण इंग्रजी आवृत्ती ठरलेल्या मुदतीबाहेर गेली की त्या वर्षाचा दरवाजा बंद.

विजेत्या पुस्तकाला शेजारच्या भाषांत नेण्याचा खर्च रोख बक्षिसात धरलेला नव्हता. युरोपीय संघाचा साहित्य पुरस्कार २००९ पासून निवडलेल्या लेखकांचे उतारे अनुवादित करून प्रकाशकांपुढे ठेवतो. तिथे २०२१ पर्यंत लेखकाला मिळणारी रक्कम ५,००० युरो होती, म्हणजे कितीतरी कमी, पण पुस्तक दुसऱ्या भाषेत जाण्याची वाट तयार असते. डीएससीत वाट इंग्रजीपर्यंत येऊन थांबायची. मुंबईवरच्या त्या कन्नड कथा मराठीत आणायच्या तर हक्क, अनुवादक आणि मानधन यांची जुळवाजुळव पुन्हा पहिल्यापासून करायची.

पोखऱ्यात २०१९ चा पुरस्कार मूळ इंग्रजी कादंबरीला गेला. त्यानंतर विजेता जाहीर झालेला नाही.