चिल्पेरिक पहिला

(सु. ५३९–५८४). मेरोव्हिंजियन घराण्यातील फ्रँक (आजच्या फ्रान्सच्या भागात राज्य करणारे जर्मानिक लोक) राजा. आजच्या उत्तर फ्रान्समधील स्वासाँ ही त्याची मूळ राजधानी. ५६१ ते ५८४ अशी तेवीस वर्षे त्याने राज्य केले. या काळातील लढाया, लग्ने आणि खून यांचा उगम बहुतांशी एकाच गोष्टीत सापडतो. ती म्हणजे वाटणी. फ्रँक राजांमध्ये बापाचे राज्य वडिलोपार्जित जमिनीसारखे सगळ्या मुलांत वाटले जाई, मग ती कोणत्याही राणीपोटी झालेली असोत. त्यामुळे प्रत्येक सावत्र भाऊ हा हिस्सेदार ठरे आणि प्रत्येक सवत ही पुढच्या वाटणीची धास्ती. भाऊबंदकी हा शब्द या घराण्याला जितका चपखल बसतो, तितका क्वचितच कोणाला बसत असेल.

चिल्पेरिकचे वडील क्लोथार पहिला. आई अरेगुंद ही क्लोथारची राणी इंगुंद हिची सख्खी बहीण. आपल्या बहिणीसाठी एखादा तोलामोलाचा नवरा पाहा, अशी गळ इंगुंदने राजाला घातली. राजाने अरेगुंदला पाहिले आणि स्वतःच तिच्याशी लग्न केले. १९५९ मध्ये पॅरिसजवळच्या सँ-दनीच्या चर्चमध्ये एका स्त्रीची दगडी शवपेटी सापडली. बोटातल्या सोन्याच्या अंगठीवर ‘आर्नेगुंदिस’ असे नाव कोरलेले होते, त्यावरून ही अरेगुंदच असावी असे बहुतेक अभ्यासक मानतात.

५६१ मध्ये क्लोथार मरण पावला, तेव्हा चार मुलगे हयात होते : कारिबेर, गुंत्राम, सिगेबेर्त हे इंगुंदचे आणि चिल्पेरिक अरेगुंदचा. बापाच्या अंत्यविधीनंतर चिल्पेरिकने बेर्नी येथील खजिना ताब्यात घेतला, वजनदार सरदारांना भेटी वाटल्या आणि थेट पॅरिसमध्ये जाऊन बसला. तिघा भावांनी एकत्र येऊन त्याला हुसकले. मग रीतसर वाटणी झाली, तीत त्याला स्वासाँ मिळाले. ५६७ मध्ये कारिबेर वारला आणि त्याच्या वाट्याचीही तिघांत वाटणी झाली.

पहिली राणी ओदोवेरा हिच्यापासून त्याला थ्युडेबेर्त, मेरोवेख आणि क्लोव्हिस हे मुलगे व बासिना ही मुलगी झाली. पुढे ओदोवेरा दूर सारली गेली आणि दासी म्हणून राजघरात आलेली फ्रेडेगुंड त्याच्या आयुष्यात आली. मात्र सावत्र भाऊ सिगेबेर्तने स्पेनच्या व्हिसिगॉथ राजाची मुलगी ब्रुनहिल्ड थाटामाटाने करून आणली, तेव्हा चिल्पेरिकने तिची थोरली बहीण गालस्विंथा हिला मागणी घातली. इतर बायकांना सोडण्याचे वचन देऊन त्याने हे लग्न जमवले. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याने बायकोला भेट देण्याची जर्मानिक चाल होती. या भेटीत त्याने गालस्विंथाला बोर्दो, लिमोज, काओर, बेआर्न आणि बिगोर हे प्रदेश दिले. बायकोच्या नावाने दिलेला मुलूख म्हणून हे दान लहान नव्हे.

सुख मात्र तिला लाभले नाही. फ्रेडेगुंड राजाच्या जवळच होती. आणलेली सारी संपत्ती इथेच ठेवते, मला माहेरी जाऊ द्या, अशी विनवणी गालस्विंथाने केली. राजाने गोड बोलून तिची समजूत घातली आणि पुढे एका नोकराकरवी तिचा गळा आवळून खून करवला. ती बिछान्यात मृत आढळली. थोड्याच दिवसांत फ्रेडेगुंड राणी झाली. ब्रुनहिल्डसाठी हा सख्ख्या बहिणीचा खून होता, आणि त्या पाच प्रदेशांच्या मालकीचा वाद गुंत्राम आणि ब्रुनहिल्डचा पक्ष यांच्यात झालेल्या ५८७ च्या अंदेलोच्या तहापर्यंत चालला.

५७५ मध्ये सिगेबेर्तने चिल्पेरिकला तूर्नेपर्यंत रेटले. थोरला मुलगा थ्युडेबेर्त लढाईत पडला. चिल्पेरिकची माणसेच सिगेबेर्तला ढालीवर उचलून राजा म्हणून मिरवत होती, तोच फ्रेडेगुंडने धाडलेल्या दोघांनी विषारी सुऱ्यांनी त्याला भोसकले. पुढल्या वर्षी मेरोवेखने रूआँमध्ये विधवा ब्रुनहिल्डशीच, म्हणजे आपल्या चुलतीशी, लग्न केले. चिल्पेरिकने त्याचे केस कापून त्याला मठात टाकले. मेरोव्हिंजियन राजपुत्रांची ओळखच लांब केस ही होती, कापणे म्हणजे वारसाहक्क काढून घेणे. मेरोवेख निसटला, पण पकडले जाण्याच्या भीतीने अखेर त्याने आपल्याच साथीदाराच्या हातून मरण पत्करले.

५८० मध्ये आमांशाच्या साथीत फ्रेडेगुंडचे दोन मुलगे, क्लोडोबेर्त आणि दागोबेर्त, दगावले. मुले अत्यवस्थ असताना तिने नवीन करवसुलीच्या वह्या राजासमोर जाळल्या, गोरगरिबांचे तळतळाट भोवले अशी तिची खात्री झाली होती. हे कर खरोखरच जाचक होते. आदल्या वर्षी लिमोजच्या लोकांनी त्यापायी दंगा करून वसुलीच्या वह्यांची होळी केली होती. पण हेच दुःख तिने सावत्र मुलावरही काढले. क्लोव्हिसवर जादूटोण्याचा आळ घेऊन त्याला मारवले आणि त्याचे प्रेत मार्न नदीत टाकले गेले. एका कोळ्याच्या जाळ्यात ते सापडले. लांब केसांवरून हा राजपुत्र असल्याचे ओळखून त्याने त्याला हिरवळीच्या मातीत पुरले आणि पुढे राजा गुंत्रामला ती जागा दाखवली. त्याच सुमारास ओदोवेराचाही खून झाला, बासिनाला प्वातिएच्या मठात धाडले गेले.

हे सगळे आपल्याला मुख्यतः तूरचा बिशप ग्रेगरी याच्या इतिहासग्रंथातून कळते. त्याने चिल्पेरिकला आपल्या काळाचा नीरो आणि हेरोद म्हटले आहे. ग्रेगरीला बिशपपद सिगेबेर्तच्या काळात मिळाले होते आणि ५८० मध्ये राणीची बदनामी केल्याच्या आरोपावरून चिल्पेरिकपुढे त्याची चौकशी झाली होती. हे ध्यानात ठेवूनच त्याचे शब्द वाचावेत. कारण त्याच्याच लेखणीतून एक वेगळा राजाही डोकावतो. या राजाने लॅटिन वर्णमालेत चार नवी अक्षरे घातली, मुलांना ती शिकवावीत आणि जुनी पुस्तके खरवडून नव्याने लिहावीत, असे फर्मान काढले. त्याने कविता केल्या, त्यांतील ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका ग्रेगरीने आवर्जून दाखवल्या आहेत. ईश्वराच्या त्रित्वावर (पिता, पुत्र व पवित्र आत्मा हे एकच, या ख्रिस्ती सिद्धांतावर) त्याने प्रबंध लिहिला आणि बिशपांनी विरोध करताच चिडचिड करत तो बाजूला ठेवला. स्वासाँ आणि पॅरिसमध्ये त्याने रोमन धर्तीची क्रीडांगणे बांधली. त्याच्या नावाच्या एका राजाज्ञेत, मुलगा नसेल तर जमीन शेजाऱ्यांकडे न जाता मुलीला मिळावी, अशी तरतूद आहे. माझ्या मते त्याच्या कारकिर्दीतील ही सर्वांत मोलाची गोष्ट, आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते.

५८४ च्या सप्टेंबरात मुलगी रिगुंथ हिची स्पेनच्या राजपुत्राकडे पाठवणी झाली. हुंड्याच्या पन्नास गाड्या होत्या. सोबत जाण्यासाठी राजाच्या गावांतून कुटुंबेच्या कुटुंबे जबरदस्तीने उचलली गेली. काहींनी निघण्याआधी मृत्युपत्रे केली, काहींनी गळफास घेतला. वाटेत खजिना गळत राहिला, आणि वरात तुलूजला असतानाच बाप मारला गेल्याची बातमी आली. पॅरिसजवळच्या शेल येथे शिकारीवरून परतताना तो नोकराच्या खांद्यावर हात टेकून घोड्यावरून उतरत होता. कोणीतरी काखेत व पोटात सुरा खुपसला. मारेकरी कोण, याचा निकाल कधीच लागला नाही. साथीदार पांगले. सँलिसचा बिशप मालुल्फ याने प्रेताला स्नान घातले, वस्त्रे चढवली, रात्रभर जागून दुसऱ्या दिवशी ते नावेतून पॅरिसला नेले आणि आजच्या सँ-जेर्मँ-दे-प्रेच्या जागी असलेल्या चर्चमध्ये पुरले.

लग्न मोडून परतलेली रिगुंथ आईशी उघड भांडू लागली. एकदा फ्रेडेगुंडने दागिन्यांच्या पेटीत हात घालायला सांगून पेटीचे झाकण मुलीच्या मानेवर दाबले. दासींनी आरडाओरडा केला म्हणून ती वाचली. चिल्पेरिकच्या मागे उरला तो चार महिन्यांचा मुलगा क्लोथार. तो खरोखरच चिल्पेरिकचा का, अशी शंका गुंत्रामने घेतली, तेव्हा तीन बिशप आणि तीनशे मान्यवरांनी शपथेवर तसे सांगितले. याच क्लोथार दुसऱ्याने ६१३ मध्ये ब्रुनहिल्डला ठार करून सारे फ्रँक राज्य एकछत्री केले. फ्रेडेगुंड ५९७ मध्ये वारली आणि नवऱ्याशेजारी पुरली गेली. तिच्यासाठी शतकांनंतर घडवलेली मोझेकची थडगेशिळा आज सँ-दनीत आहे. अंगावरची वस्त्रे रंगीत खड्यांनी रेखलेली, चेहरा मात्र कोरा.