उन्हाने बिघडलेला डीएनए आणि तो सांधणारा निळा प्रकाश

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कोल्हापुरात शून्य सावलीचा दिवस येतो. सुमारे १६.७ अंश उत्तर अक्षांशावरच्या या शहरात त्या दुपारी सूर्य नेमका डोक्यावर असतो. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात हा योग पुन्हा येतो, पण तेव्हा पावसाळी ढगांमुळे तो सहसा अनुभवता येत नाही. सूर्य डोक्यावर असताना त्याच्या किरणांना ओझोनच्या थरातून सर्वांत कमी अंतर कापावे लागते, त्यामुळे २८० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील-बी किरण जमिनीपर्यंत अधिक प्रमाणात पोहोचतात. शिरोळच्या उसाच्या पानांवर आणि त्या उसात राबणाऱ्या माणसाच्या मानेवर ते सारखेच पडतात. पेशीच्या आत त्यांच्यामुळे होणारी हानी दोन्हीकडे सारखीच असते, मात्र ती भरून काढण्याची रीत वेगळी असते.

अ‍ॅडेनिन, ग्वानिन, सायटोसिन आणि थायमिन या चार संयुगांच्या क्रमात डीएनए आनुवंशिक माहिती साठवतो. ही चारही संयुगे अतिनील प्रकाश शोषून घेतात, आणि डीएनएचे शोषण सुमारे २६० नॅनोमीटरपाशी सर्वाधिक असते. एवढी ऊर्जा शोषूनही डीएनए सहसा शाबूत राहतो, कारण मिळालेली ऊर्जा ही संयुगे बहुतेक वेळा पिकोसेकंदाच्या आत, म्हणजे सेकंदाच्या लाख-कोटीव्या भागाहूनही कमी वेळात, उष्णतेच्या रूपाने टाकून देतात. माझ्या मते या सगळ्या विषयातील सर्वांत नवलाची गोष्ट हीच आहे. आपण बिघाडाबद्दल बोलतो, पण बिघाड हा अपवाद आहे.

तो अपवाद घडतो तेव्हा एकाच धाग्यावरचे शेजारचे दोन थायमिन जोडकेळ्यासारखे एकमेकांना चिकटतात. प्रत्येकातील एक दुहेरी बंध उघडतो आणि दोघांमध्ये दोन नवे बंध तयार होऊन चार कार्बन अणूंचे कडे बनते. ही अभिक्रिया सुमारे एका पिकोसेकंदात पूर्ण होते, असे २००७ मध्ये अतिवेगवान लेझर वापरून केलेल्या प्रयोगात दिसले. एवढ्या वेळात थायमिनला जागचे हलायलाही अवधी नसतो. म्हणूनच किरण पडतो त्या क्षणी ही जोडी आधीच योग्य ठेवणीत उभी असेल, तरच जोड तयार होतो. असा जोड राहिला की डीएनएची नक्कल करणारी यंत्रणा तेथे अडखळते किंवा चुकीचे अक्षर भरते, आणि अशा चुका साठत गेल्या की त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

या बिघाडावर प्रकाशाचाच उतारा असल्याचे १९४९ मध्ये जीवशास्त्रज्ञ आल्बर्ट केल्नर यांच्या लक्षात आले. अतिनील किरणांचा मारा केलेल्या सूक्ष्मजीवांचे बीजाणू किती वाचतात हे ते मोजत होते, पण आकडे काही केल्या जुळत नव्हते. त्यांनी आधी तापमानावर संशय घेतला. अखेर खिडकीतून येणाऱ्या साध्या उजेडात राहिलेले बीजाणूच अधिक तगतात, हे त्यांना उमगले. पुढे हे काम करणारे विकर, म्हणजे पेशीतील अभिक्रिया घडवून आणणारे प्रथिन (एन्झाइम), सापडले, त्याला फोटोलायेज म्हणतात. त्याचा दीर्घकाळ अभ्यास करणारे अझीझ संजार यांना २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक डीएनए दुरुस्तीवरील संशोधनासाठी टोमास लिंडाल आणि पॉल मॉड्रिच यांच्यासह मिळाले.

हे विकर चिकटलेली थायमिनची जोडी डीएनएच्या पिळातून बाहेर ओढून आपल्या खोबणीत बसवते. त्यातील फ्लेविन हा सहघटक निळा प्रकाश शोषतो आणि एक इलेक्ट्रॉन जोडीकडे सोपवतो. त्या जादा इलेक्ट्रॉनमुळे दोन्ही नवे बंध एकापाठोपाठ तुटतात, दोन थायमिन मोकळे होतात आणि इलेक्ट्रॉन फ्लेविनकडे परततो. म्हणजे विकर काहीही खर्च न करता पुढच्या दुरुस्तीला सज्ज होते. हा क्रम अनेक वर्षे वर्णपटांवरून ताडलेला होता. २०२३ मध्ये दोन संशोधकगटांनी क्ष-किरण लेझरच्या साहाय्याने विकराच्या स्फटिकांतील अणूंच्या जागा क्षणाक्षणाला टिपल्या आणि तो प्रत्यक्ष दाखवला. त्यांपैकी एका गटाने १८ टप्पे नोंदवले. बंध तुटण्याचे काम पिकोसेकंद ते नॅनोसेकंदांत (एक नॅनोसेकंद म्हणजे हजार पिकोसेकंद) आटोपते, ५०० नॅनोसेकंदांपर्यंत विकर पूर्वस्थितीला येते, पण मोकळे झालेले थायमिन पिळात माघारी वळताना २५ ते २०० मायक्रोसेकंदांच्या (एक मायक्रोसेकंद म्हणजे हजार नॅनोसेकंद) टप्प्यावर दिसतात. रासायनिक काम क्षणार्धात उरकते आणि रेणूंची हालचालच जास्त वेळ घेते, हे त्यातून स्पष्ट झाले.

वनस्पतींमध्ये हे विकर असते, आणि त्यातला सूक्ष्म फरकही पिकावर परिणाम करतो. जपानमधील सासानिशिकी या भाताच्या वाणापेक्षा नोरिन-१ हे वाण अतिनील किरणांना अधिक बळी पडते, आणि याचे कारण फोटोलायेजमधील एका अमिनो आम्लाचा बदल असल्याचे तेथील संशोधकांनी दाखवले आहे. आजरा, राधानगरी, गगनबावडा या भातपट्ट्यातील स्थानिक वाणांचा या अंगाने अभ्यास व्हायला हवा, असे मला मनापासून वाटते.

माणसाकडे मात्र फोटोलायेज नाही. कांगारूंसारख्या प्राण्यांत ते टिकून राहिले, पण माणसासारख्या, गर्भ वारेवर (प्लॅसेंटा) पोसणाऱ्या सस्तन प्राण्यांतून ते नाहीसे झाले. आपल्या पेशी बिघडलेला तुकडा कापून तेथे नवा तुकडा भरतात. ही पद्धत अनेक प्रथिनांच्या जुळणीवर चालते आणि तुलनेने संथ असते. झेरोडर्मा पिग्मेंटोसम या आनुवंशिक आजारात तीच कोलमडते, आणि रुग्णांना लहान वयातच त्वचेचे कर्करोग होऊ लागतात. शिवाय ऊन टळले म्हणून हानी थांबते असेही नाही. मेलॅनिन हे त्वचेला रंग देणारे द्रव्य असलेल्या पेशींत अतिनील किरणांचा मारा थांबल्यावरही तीन तासांहून अधिक काळ थायमिनचे नवे जोड अंधारात तयार होत राहतात, असे २०१५ मध्ये आढळले. मेलॅनिनवर होणाऱ्या रासायनिक अभिक्रियांतून सुटलेली ऊर्जाच तेथे प्रकाशाचे काम करते.

फोटोलायेज बाहेरून पुरवण्याचा प्रयत्नही झाला आहे. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात स्निग्ध आवरणाच्या सूक्ष्म कुप्यांमधून ते विकर स्वयंसेवकांच्या त्वचेवर लावले गेले, आणि असे जोड सुमारे ४० ते ४५ टक्क्यांनी घटले. त्यासाठी मलम लावल्यानंतर त्या त्वचेवर पुन्हा प्रकाश पाडावा लागला, कारण प्रकाशावाचून हे विकर बंध तोडू शकत नाही.