मेहरमध्ये लिहून दिलेलं गाव : काजार काळातल्या इराणी लग्नकरारांची पार्श्वभूमी

१९व्या शतकात, म्हणजे काजार घराण्याच्या राजवटीत, इराणमधल्या जमीनदार घरांत लग्न ठरायचं तेव्हा निम्मी बोलणी जमिनीवरच व्हायची. तेव्हाचे करार आज म्युझियममध्ये बघायला मिळतात, निळ्या-सोनेरी वेलबुट्टीचा भलामोठा कागद, वर देवाची स्तुती, मग दोन्ही घरांच्या लांबलचक पदव्या, आणि त्यानंतर मेहरची, म्हणजे नवऱ्यानं बायकोला द्यायच्या गोष्टींची यादी. आधी कुराणाची प्रत, मग आरसा आणि शमादानं म्हणजे मेणबत्त्यांचे स्टँड, रोख तुमान म्हणजे तिथलं चलन, आणि मोठं घर असेल तर अमुक गावातले एक किंवा दोन दांग. रकमेसोबत तिची निम्मी रक्कमही लिहायची पद्धत होती, म्हणजे ‘शंभर तुमान, ज्याचे निम्मे पन्नास’, कारण नंतर कोणी आकडा खोडून वाढवायला नको. समासात साक्षीदारांचे शिक्के.

दांग हे मोजमाप नाही, हिस्सा आहे. कुठलीही मिळकत पूर्ण म्हणजे सहा दांग, मग ते घर असो, बाग असो की अख्खं गाव. आणि कोरड्या मुलखात गावाच्या हिश्श्याला किंमत कशानं, तर कनातच्या, म्हणजे जमिनीखालून पाणी आणणाऱ्या बोगद्याच्या, पाण्याची पाळी किती येते त्यानं.

आता खरा गुंता. जमीन मेहरमध्येच का लिहून घ्यायची, मागून वारसानं मिळेलच की, असं वाटेल. तर नाही. आपल्याकडे बहुतेकांना जो सुन्नी नियम माहीत असतो त्यात विधवेला, मुलं असतील तर, सगळ्याच मिळकतीचा आठवा हिस्सा मिळतो. इराणमध्ये चालणाऱ्या शिया कायद्यात आठवा हिस्सा आहे पण जमीन त्यातून वगळलेली, घर आणि झाडं यांची फक्त किंमत धरायची. कारण असं दिलं जायचं की ती उद्या दुसरं लग्न करील आणि परका माणूस आणून वारसांच्या उरावर बसवील. काही जुन्या शास्त्रींचं मत होतं की त्या नवऱ्यापासून मूल असलेल्या विधवेला हे लागू नाही, यावर शतकानुशतकं वाद चालला. मला विचाराल तर या एका नियमानंच इराणी बायकांचं सगळ्यात जास्त नुकसान केलं, आणि मेहरमधले दांग हा माहेरच्यांनी त्यावर काढलेला सगळ्यात पक्का तोडगा होता, कारण मेहर हा वारसा नाही, ते नवऱ्यावरचं देणं आहे आणि मिळकतीची वाटणी व्हायच्या आधी ते फेडावं लागतं.

मुलींना मात्र बापाच्या जमिनीत भावाच्या निम्मा हिस्सा मिळायचाच, म्हणून जमीन घराबाहेर जाऊ नये यासाठी चुलत भावाशी लग्न. ‘चुलत भावंडांची गाठ आकाशात बांधलेली असते’ ही म्हण तिकडे आहेच.

जमीन मेहरमध्ये लिहून घ्यायचं दुसरं कारण पैशाचं. शतकाच्या सुरुवातीला एका पौंडाला साधारण १ तुमान पडायचा, १९०० च्या सुमारास ५ पडायला लागले. ज्या मुलीच्या मेहरमध्ये नुसते तुमान लिहिले होते तिच्या हातात म्हातारपणी काय राहिलं असेल? जमिनीचं तसं नव्हतं, शिवाय अफू आणि कापसामुळे तिचा भाव चढत होता.

अर्थात कागदावर नाव असलं तरी शेताचं बघायचा नवरा नाहीतर भाऊ, आणि लग्नातून सुटका हवी असेल तर बाई बहुतेक वेळा मेहरच सोडून द्यायची. ‘मेह्रम हलाल, जानम आझाद’, मेहर तुला माफ, माझा जीव मोकळा, हे तिथे आजही म्हणतात. पण नवऱ्याच्या मिळकतीपेक्षा बायकोची वेगळी, हे तत्त्व तिथे पहिल्यापासून होतं, इंग्लंडच्या विवाहित बायकांना त्यासाठी १८८२ पर्यंत थांबावं लागलं.

पुढचं थोडक्यात. १९२८ च्या दिवाणी कायद्यानं विधवेचा नियम तसाच उचलला, आणि मूल असलेल्या विधवेची सूटही ठेवली नाही. १९३१ ला लग्नाची नोंदणी सक्तीची झाली. १९६२ च्या जमीन सुधारणेत मालकाला ठेवता येईल ती मर्यादा एक गाव, म्हणजे सहा दांग, अशी ठरली आणि मेहरमध्ये गाव लिहिणं जवळपास संपलंच. त्याची जागा सोन्याच्या नाण्यांनी घेतली, रोख मेहरची महागाईप्रमाणे फेरमोजणी करायचा कायदा १९९७ मध्ये आला. विधवेचा नियम बदलायला २००९ उजाडलं, आता जमिनीच्या किमतीतून तिला आठवा हिस्सा मिळतो. किमतीतून. जमिनीत नाव अजूनही नाही.