बाबासाहेब पोचले ते कोलंबिया

कोलंबिया विद्यापीठ १७५४ सालचे. अमेरिका नावाचा देश तेव्हा जन्मायचा होता. जुलै १९१३ मध्ये बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला उतरले, तेव्हा दीडशे वर्षांहून जुन्या संस्थेत त्यांनी नाव घातले असे आपण म्हणतो. कागदोपत्री ते बरोबरच आहे. पण ज्या आवारात ते वावरले ते उभे राहून जेमतेम सोळा वर्षे झाली होती, आणि ज्या राज्यशास्त्र शाखेत ते शिकले ती १८८० साली सुरू झाली होती. जुने होते ते नाव, एक मुकुट आणि शहरातल्या जमिनी. त्यांतल्या जमिनींची गोष्ट सर्वांत रंजक आहे.

कॉलेज काढायचे ठरले तेव्हा पैसा नव्हता. न्यूयॉर्क वसाहतीच्या विधिमंडळाने १७४६ साली त्यासाठी चक्क लॉटरीला परवानगी दिली. पैसा जमू लागला तशी भांडणे सुरू झाली. इंग्लंडच्या अधिकृत चर्चची माणसे एकीकडे, प्रेसबिटेरियन पंथाची दुसरीकडे. सार्वजनिक पैशावर एकाच पंथाचे कॉलेज का पोसायचे, हा विल्यम लिव्हिंग्स्टन या वकिलाचा सवाल होता आणि तो रास्तच होता. शेवटी लॉटरीच्या पैशाची वाटणी झाली आणि कॉलेजला अर्धाच वाटा मिळाला. जमीन दिली ती इंग्लंडच्या त्याच अधिकृत पंथाच्या ट्रिनिटी चर्चने. अट अशी की, अध्यक्ष आमच्या पंथाचा हवा. ३१ ऑक्टोबर १७५४ रोजी दुसऱ्या जॉर्ज राजाची सनद मिळाली आणि संस्थेचे नाव ठरले किंग्ज कॉलेज. ट्रिनिटी चर्चला लागून असलेल्या शाळेत आठ मुले आणि सॅम्युएल जॉन्सन हे एकटे शिक्षक, एवढ्यावर वर्ग सुरू झाले. ज्यांनी ही संस्था उभी केली आणि चालवली, त्यांच्यात गुलामांचे मालक होते, गुलामांच्या व्यापारात पैसा केलेले व्यापारीही होते. विद्यापीठाच्याच पुढाकाराने झालेल्या संशोधनातून २०१७ मध्ये हे सविस्तर मांडले गेले.

राजाच्या नावाच्या या कॉलेजातून राजाविरुद्ध उठणारेही निघाले. पुढे अमेरिकेच्या संस्थापकांत गणले गेलेले दोघे इथलेच: अलेक्झांडर हॅमिल्टन इथेच शिकत होता, जॉन जे त्याच्या आधी शिकून गेला होता. अध्यक्ष माइल्स कूपर मात्र कट्टर राजनिष्ठ. मे १७७५ मध्ये जमाव दारावर आला तेव्हा ते मागच्या बाजूने निसटले आणि पुढे इंग्लंडला गेले. हॅमिल्टनने पायरीवर उभे राहून लांबलचक भाषण ठोकले आणि जमावाला तेवढा वेळ थोपवून धरले, अशी कथा सांगतात. पुढच्या वर्षी स्वातंत्र्ययुद्धामुळे कॉलेज बंद पडले आणि इमारतीत लष्कराचे इस्पितळ आले. आठ वर्षांनी, १७८४ मध्ये, दारे पुन्हा उघडली ती ‘कोलंबिया कॉलेज’ या नव्या नावाने. राजा गेला, मुकुटाचे चिन्ह मात्र राहिले. आजही ते विद्यापीठाचे बोधचिन्ह आहे. राज्यक्रांती केलेल्या देशात त्याचे कुणाला वावगे वाटत नाही, याची मला गंमत वाटते.

आता जमीन. १८१४ साली कॉलेजने राज्य सरकारकडे मदत मागितली. रोख रकमेऐवजी पदरात पडली शहराबाहेरची वीसेक एकर ओसाड जागा. डेव्हिड हॉसॅक या डॉक्टरने तिथे वनस्पतींची बाग केली होती आणि ती तोट्यात गेली होती. विश्वस्त नाराज झाले. पण न्यूयॉर्क शहर उत्तरेकडे सरकत गेले आणि ती पडीक जागा मॅनहॅटनच्या ऐन मध्यात आली. कोलंबियाने ती विकली नाही, भाड्याने दिली. विसाव्या शतकात रॉकफेलर सेंटर उभे राहिले ते याच भाडेपट्ट्यावर. १९८५ मध्ये ती जागा रॉकफेलर मंडळींना विकली, चाळीस कोटी डॉलरला. या विद्यापीठाला घडवण्यात एखाद्या थोर प्राध्यापकाइतकाच या भाड्याचा हात आहे, असे माझे मत.

१८५७ मध्ये कॉलेज एकोणपन्नासाव्या रस्त्यावर हलले. तोवर ते श्रीमंत घरांतल्या पोरांना लॅटिन-ग्रीक शिकवणारे छोटे कॉलेजच होते. बदल घडला १८८० मध्ये. जर्मनीत शिकून आलेल्या जॉन बर्जेस यांनी राज्यशास्त्राची स्वतंत्र शाखा काढली. विद्यार्थ्याने घोकंपट्टी सोडून स्वतः मूळ कागद तपासावेत, परिसंवादात निबंध वाचावा, प्रबंध लिहावा, ही जर्मन पद्धत तिथे रुजली. पुढचे काम सेथ लो या अध्यक्षांनी केले. १८९६ मध्ये संस्था विद्यापीठ म्हणवू लागली आणि १८९७ मध्ये मॉर्निंगसाइड हाइट्सवर आली, जिथे आधी मनोरुग्णांचे इस्पितळ होते. मधोमध घुमट असलेले ग्रंथालय लो यांनी स्वतःच्या खिशातून बांधून त्याला वडिलांचे नाव दिले.

बाबासाहेबांना मिळाले ते हे ताजे विद्यापीठ. अर्थशास्त्राला एडविन सेलिग्मन, तत्त्वज्ञानाला जॉन ड्यूई. १९१५ मध्ये ते एम.ए. झाले. ९ मे १९१६ रोजी अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात त्यांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला, तोही बर्जेसच्या काळात रुजलेल्या त्याच रीतीने. जुन्या किंग्ज कॉलेजात अशा निबंधाला जागाच नव्हती. १९५२ मध्ये विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली.

परंपरांचेही असेच. बऱ्याच जुन्या वाटतात आणि निघतात विसाव्या शतकातल्या. ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर ‘आल्मा मातर’ हा विद्यादेवीचा ब्राँझचा पुतळा आहे, डॅनियल चेस्टर फ्रेंच यांनी घडवलेला, १९०३ चा. तिच्या वस्त्राच्या चुण्यांत एक घुबड दडलेले आहे. नव्या मुलांत ते ज्याला आधी दिसेल तो वर्गात पहिला येतो म्हणे. सिंह हे प्रतीक १९१० चे. विद्यार्थ्यांचा ‘व्हर्सिटी शो’ हा संगीत नाटकाचा प्रयोग मात्र १८९४ पासूनचा; पुढे संगीतिकांसाठी गाजलेल्या रिचर्ड रॉजर्स आणि ऑस्कर हॅमरस्टाइन यांची उमेदवारी तिथेच झाली. सेंद्रिय रसायनशास्त्राच्या परीक्षेच्या आदल्या मध्यरात्री बँडपथक बटलर ग्रंथालयात घुसून वाजवायचे आणि अभ्यासात बुडालेल्यांची झोप व शांतता दोन्ही घालवायचे. २०१६ मध्ये प्रशासनाने ग्रंथालयात बंदी घातली, तेव्हा मंडळी बाहेर वाजवू लागली.

प्रतिष्ठेला लागलेले डागही लपवण्यासारखे नाहीत. निकोलस मरे बटलर १९०२ ते १९४५ अध्यक्ष होते आणि त्यांचा कारभार हुकमी होता. १९१७ मध्ये युद्धविरोधी भूमिकेमुळे दोन प्राध्यापकांना काढले. इतिहासकार चार्ल्स बिअर्ड यांनी निषेध म्हणून राजीनामा दिला. पुढे ज्यू विद्यार्थ्यांचे प्रवेश आटोक्यात ठेवण्याची युक्ती निघाली. मुलींसाठी बर्नार्ड कॉलेज १८८९ मध्ये निघाले खरे, पण खुद्द कोलंबिया कॉलेजात मुलींना प्रवेश मिळाला १९८३ साली.

आणि जमिनीचा प्रश्न कधीच सुटला नाही. १९६८ मध्ये विद्यापीठाने शेजारच्या मॉर्निंगसाइड पार्कमध्ये व्यायामशाळा बांधायला घेतली. ती सार्वजनिक बाग शेजारच्या हार्लेम वस्तीतल्या कृष्णवर्णीयांच्या वापरातली, आणि त्यांना व्यायामशाळेत खालच्या बाजूने वेगळे दार ठेवले होते. या संतापाला व्हिएतनाम युद्धाशी जोडलेल्या संशोधनाविरुद्धचा राग येऊन मिळाला. विद्यार्थ्यांनी इमारती ताब्यात घेतल्या; ३० एप्रिलच्या पहाटे पोलिसांनी सुमारे सातशे जणांना पकडले. व्यायामशाळा तिथे झाली नाही, अध्यक्ष ग्रेसन कर्क यांना जावे लागले. त्यानंतर विद्यापीठाने थोडे उत्तरेला, मॅनहॅटनव्हिलमध्ये, सतरा एकरांवर नवे आवार आखले. तिथल्या काही मालकांनी जागा सोडायला नकार दिला, प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २०१० मध्ये निकाल कोलंबियाच्या बाजूने लागला.