लकव्यानंतर "किती टक्के बरे झाले?"

आपल्या इंदूरात मराठी घरात कोणाला लकवा झाला की रामबागेपासून सुदामा नगरपर्यंत फोनवर एकच प्रश्न, "आता किती टक्के बरे आहेत?" घरचे पण सांगून टाकतात, सत्तर टक्के. कशाचे सत्तर? हाताचे, बोलण्याचे, की चालण्याचे?

रिहॅबवाले, म्हणजे आजारानंतर पेशंटला पुन्हा रोजची कामं करायला शिकवणारे, खरंच आकडा काढतात, पण तो दुसऱ्याची मदत किती लागते त्याचा असतो. जुनी पद्धत बार्थेल इंडेक्स, १९६५ ची, अमेरिकेतली, जेवण-अंघोळ-संडास-जिना अशी १० कामं, मिळून १०० मार्क. मला मात्र दुसरी पद्धत, फिम (Functional Independence Measure, म्हणजे रोजच्या कामांत माणूस किती स्वतंत्र आहे त्याचं माप), फार आवडते. त्यात १८ कामं, १३ शरीराची आणि ५ समज-बोलणं-आठवणीची, प्रत्येकाला १ ते ७, म्हणून कमीत कमी १८, जास्तीत जास्त १२६. सगळी मजा त्या सात पायऱ्यांत आहे. साधनाशिवाय, वेळेत, पडायची भीती नसताना एकट्याने केलं तर ७. काठी लागली किंवा फार वेळ लागला तरी माणूस स्वतंत्रच, ६. कोणी नुसतं लक्ष ठेवून उभं राहिलं तर ५. हात लावावा लागला की मग मेहनतीचा हिशोब, पाऊण किंवा जास्त काम पेशंटने केलं तर ४, निम्मं तरी केलं तर ३, पाव तरी केलं तर २, त्याहून कमी १. आणि मार्क "करू शकतो" ह्याला नाहीत, रोज "करतो" त्याला आहेत. आजोबांना सदरा घालता येतो पण उशीर होतो म्हणून सूनबाईच घालून देतात, तर मार्क कमीच पडणार.

पण २ वरून ३ आणि ६ वरून ७ हे अंतर सारखं नाही, हे आकडे फक्त क्रम सांगतात, म्हणून सरळ बेरीज फसवते. डेन्मार्कचे गणिती गेऑर्ग राश ह्यांच्या पद्धतीत कामाची कठीणता आणि माणसाची क्षमता एकाच पट्टीवर मांडतात, दोघांतल्या फरकावरून ते काम जमण्याची शक्यता निघते. तसं केल्यावर दिसतं की जेवणं सोपं, जिना फार कठीण, आणि शरीर व समज ह्यांना वेगवेगळ्या पट्ट्या लागतात.

नीमचजवळच्या भादवा मातेला लोक लकव्याचे पेशंट घेऊन जातात, श्रद्धा असू द्या, पण मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, आधी हॉस्पिटल गाठा. आणि "पंधरा दिवसांत लकवा गायब" म्हणणाऱ्या तेलवाल्याला विचारा, आधी आणि नंतर मोजलं कशाने?

डिस्चार्ज घेताना नुसती बेरीज नको, कामागणिक मार्क मागा. संडासात धरायला दांडी लावायची की रात्री माणूस ठेवायचा, हे त्याच्यावरून ठरवता येतं.